अडवलेले पाणी, अडकलेली ओल : छतावरच्या लेपाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास

१.
एप्रिल १९९८ मध्ये कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या सरकारने एक चौकशी आयोग नेमला. प्रांताचे माजी प्रीमियर डेव्ह बॅरेट त्याचे प्रमुख होते. आयोगापुढचा प्रश्न वरकरणी अगदी घरगुती होता : व्हँकूवर आणि आसपासच्या नव्या इमारती आतून का कुजत आहेत? त्यांपैकी कित्येक इमारतींना दहा वर्षेही पूर्ण झाली नव्हती. बाहेरचा गिलावा उकलला की आतल्या लाकडी फळ्या हाताने चुरगळत होत्या. विशेष म्हणजे या भिंतींत ओल रोखणारे पडदे होते. नियमानुसार बसवलेले होते आणि चांगल्या प्रतीचे होते. हे कोडे उलगडायचे तर त्या पडद्याच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

२.
ओल रोखणाऱ्या साहित्याची कृती आश्चर्य वाटावे इतकी जुनी आहे. तिचे घटक दोनच : एक पाया आणि एक लेप. पाया म्हणजे चटई, कापड, कागद किंवा विणलेली जाळी. तो ताकद देतो, पण त्यातून पाणी झिरपते. लेप म्हणजे डांबर, रबर किंवा प्लास्टिक. त्यातून पाणी जात नाही, पण एकटा असला की तो तडकतो, वितळतो किंवा फाटतो. दोन्ही एकत्र आले की उणिवा झाकल्या जातात. आज कारखान्यातून गुंडाळ्यांच्या रूपात बाहेर पडणारे बरेचसे जलरोधक साहित्य याच जोडीचे वंशज आहे.

३.
मोहेंजोदडोचे महास्नानगृह हा या विद्येचा सर्वांत प्रसिद्ध प्राचीन पुरावा. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळपास २.४ मीटर खोल असा हा हौद साडेचार हजार वर्षांपूर्वीचा आहे. त्याच्या विटा काठावर उभ्या करून, एकमेकींना घट्ट बिलगतील अशा बसवल्या आहेत. सांधे जिप्समच्या चुन्याने भरले आहेत. या भिंतीच्या मागे नैसर्गिक डांबराचा जाड थर दिला आहे. लेप उघड्यावर न ठेवता दोन भिंतींच्या मध्ये लपवायचा, म्हणजे त्याला ऊन लागत नाही आणि पायही लागत नाहीत. हे तत्त्व सिंधू संस्कृतीतील गवंड्यांना पुरते उमगले होते.

४.
मेसोपोटेमियात डांबर जमिनीतून आपोआप पाझरत असे. युफ्रेटिस नदीकाठचे हीत हे गाव त्यासाठी ख्यातनाम होते. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस बाबिलोनच्या तटबंदीचे वर्णन करताना सांगतो की, विटा जोडण्यासाठी गरम डांबर वापरले होते आणि दर तीस थरांनंतर वेताच्या चटया अंथरल्या होत्या. चटई हा पाया आणि डांबर हा लेप. आधुनिक छतावरच्या थराची मूळ प्रतिमा इथेच दिसते. फरक इतकाच की तिथे डांबर फुकट मिळत होते. जिथे ते मिळत नव्हते, तिथल्या लोकांना वेगळा विचार करावा लागला.

५.
या वेगळ्या विचाराचे उत्तम उदाहरण म्हणजे कोकणातील जुने घर. त्याने पाण्याला अडवण्याच्या फंदात न पडता त्याला वाट करून दिली. उतरती पाखी, त्यावर नळीची कौले, पुढे आलेली वळचण, वळचणीवरून अंगणात गळणाऱ्या पागोळ्या, भिंतीपुढे पडवी आणि पावसाळ्यापूर्वीची शाकारणी. झड येणाऱ्या बाजूला माडाच्या झावळ्यांचे झाप बांधले जात. एवढे करूनही जांभ्याची भिंत भिजत असे. पण दोन्ही बाजूंनी वारा मिळाल्यामुळे ती वाळतही असे. १८६५ मध्ये बाझल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी मंगळुरूत कौलांचा कारखाना काढला. पुढे मंगळुरी कौले किनारपट्टीभर पसरली, तरी छपराचा हा स्वभाव तसाच राहिला.

६.
म्हणजे पाण्याशी वागण्याच्या दोन रीती होत्या. पहिली : पाणी वाटेतच अडवायचे. दुसरी : बहुतेक पाणी बाहेरच्या बाहेर वळवायचे आणि जे आत शिरेल त्याला वाळायला जागा ठेवायची. पहिल्या रीतीला भरपूर आणि स्वस्त लेप लागतो. दुसऱ्या रीतीला उतार, वळचण आणि दरवर्षीची मेहनत लागते. औद्योगिक युगाने लेप स्वस्त केला आणि पारडे पहिल्या रीतीकडे झुकले.

७.
हा बदल घडवला तो कचऱ्याने. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटनमधील शहरांत कोळशापासून काढलेल्या वायूचे दिवे लागू लागले. वायू काढताना मागे कोलटार, म्हणजे कोळशाचे डांबर, उरत असे. त्याचे करायचे काय, हा वायुगृहांपुढचा प्रश्न होता. ग्लासगोचे रसायन उद्योजक चार्ल्स मॅकिंटॉश यांनी या डांबरापासून मिळणाऱ्या नॅफ्थ्यात रबर विरघळवले आणि ते द्रावण दोन कापडांच्या मध्ये पसरवले. १८२३ मध्ये त्यांनी त्याचे पेटंट घेतले. इंग्रजीत रेनकोटला आजही त्यांच्याच नावाने ओळखतात. लेप दिलेले कापड कारखान्यात तयार होऊ शकते आणि विकले जाऊ शकते, हे यातून सिद्ध झाले.

८.
कोलटार छपरावरही चढले. कागदाचा किंवा चिंध्यांच्या लगद्याचा जाड नमदा डांबरात बुडवायचा, एकावर एक थर अंथरायचे आणि वर बारीक खडी पसरायची. अशी छपरे एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत रूढ झाली. पुढे खनिज तेलाचे शुद्धीकरण वाढले आणि त्याच्या तळाशी उरणाऱ्या बिटुमेनने कोलटारची जागा घेतली. हाही एका उद्योगाचा उरलेला गाळच होता. या स्वस्त लेपामुळे जवळजवळ सपाट छप्पर परवडू लागले. गोदामे, गिरण्या आणि रेल्वेच्या इमारतींचे रूप त्यामुळे पालटले. उतार कमी झाला आणि वळचण आखडत गेली.

९.
जहाजांवर डांबर माखलेले जाड कापड त्याआधीपासून वापरात होते. त्याचे इंग्रजी नाव टारपॉलिन. त्यातील 'टार' म्हणजे डांबर. मराठीच्या जिभेवर हा शब्द 'ताडपत्री' झाला. ताडाच्या पानांचे आच्छादन इथे ओळखीचे होतेच, त्यामुळे परक्या शब्दाला घरचा अर्थ सहज चिकटला. आज जिला ताडपत्री म्हणतात तिच्यात ना ताड आहे, ना डांबर. ती सर्वस्वी प्लास्टिकची आहे आणि तिची कथा इंग्लंडमधील एका फसलेल्या प्रयोगापासून सुरू होते.

१०.
मार्च १९३३. चेशायर परगण्यातील विनिंग्टन येथे इम्पीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट प्रचंड दाबाखाली इथिलीन वायू आणि बेन्झाल्डिहाइड यांची प्रक्रिया घडवू पाहत होते. अपेक्षित पदार्थ मिळाला नाही. उपकरणाच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र चिकटलेला आढळला. तो इथिलीनच्या रेणूंची लांबच लांब साखळी होता. प्रयोग पुन्हा करू जाता स्फोट झाला आणि काम थांबले. डिसेंबर १९३५ मध्ये मायकल पेरिन आणि सहकाऱ्यांनी तो पुन्हा यशस्वी केला. उपकरणाला गळती लागली होती. नव्याने भरलेल्या वायूबरोबर आलेल्या प्राणवायूच्या अंशाने प्रक्रियेला चालना दिली होती.

११.
पॉलिथिनचे व्यापारी उत्पादन १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू झाले. जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले तो हाच दिवस. महायुद्धात हा पदार्थ रडारच्या केबलींवरील आवरणासाठी वापरला गेला. त्याचे गुण लेपासाठी जणू घडवलेले होते. तो पाणी शोषत नाही, त्यातून वाफही फारच थोडी जाते, तो लवचिक आहे आणि वितळवून पातळ पसरवता येतो. युद्ध संपल्यावर या पदार्थाला नवी बाजारपेठ हवी होती. घरबांधणीत त्याची वाट पाहणारा एक नियम तोवर तयार झाला होता.

१२.
तो नियम अमेरिकेतल्या थंडीत जन्मला. १९३० च्या दशकात तेथील लाकडी घरांच्या पोकळ भिंतींत उष्णतारोधक साहित्य भरले जाऊ लागले. घरे उबदार झाली, पण बाहेरचा रंग सोलून निघू लागला. रंगकाम करणाऱ्यांनी दोष उष्णतारोधकाला दिला. ते बनवणाऱ्यांनी वेगळे कारण शोधायला लावले. कारण भौतिकशास्त्राचे होते. स्वयंपाक, स्नान आणि श्वास यांतून घरातल्या हवेत वाफ जमते. ती भिंतीत शिरते. भिंतीचा बाहेरचा भाग आता पूर्वीपेक्षा थंड असल्याने तिथे वाफेचे पाणी किंवा हिम होते. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो तसाच हा प्रकार. मात्र तो भिंतीच्या पोटात घडतो.

१३.
मिनेसोटा विद्यापीठातील फ्रँक राउली आणि मॅडिसन येथील सरकारी फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीतील एल. व्ही. टीसडेल यांनी या विषयावर काम केले. त्यांचा उपाय सोपा होता : भिंतीच्या उबदार, म्हणजे आतल्या बाजूला वाफ अडवणारा थर द्यायचा. त्या काळी यासाठी डांबराचा लेप दिलेला कागद वापरत. साहित्यातून किती वाफ जाते हे मोजण्यासाठी 'पर्म' हे एकक रूढ झाले. १९४२ मध्ये घरकर्जांना हमी देणाऱ्या फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशनने आपल्या किमान बांधकाम नियमांत अशा थराला स्थान दिले. हमी हवी तर नियम पाळा, असा मामला असल्याने तो झपाट्याने पसरला.

१४.
हा नियम मिनेसोटासारख्या प्रदेशातील अनुभवातून आला होता. तिथे हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि वाफेचा ओघ प्रामुख्याने आतून बाहेर असतो. नियमाच्या ओळींबरोबर त्या हवेचे वर्णन मात्र प्रवास करत नाही. युद्धानंतर पॉलिथिनची पातळ शीट स्वस्त झाली. १९७३ च्या तेलसंकटानंतर घरे अधिकाधिक बंदिस्त करण्याचा आग्रह वाढला. कॅनडात भिंतीच्या आतल्या बाजूने पॉलिथिनची अखंड शीट लावणे ही सर्वमान्य रीत झाली.

१५.
इकडे छपरासाठी आणखी एक लेप तयार होत होता. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झीग्लर यांनी कमी दाबाखाली पॉलिथिन बनवण्याची पद्धत शोधली. १९५४ मध्ये मिलानमध्ये जूलिओ नाट्टा यांनी पॉलिप्रोपिलिन घडवले. दोघांना १९६३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पॉलिप्रोपिलिनच्या उत्पादनात ॲटॅक्टिक प्रकारचा एक चिकट, बिनकामाचा भाग मागे उरत असे. इटलीत १९६० च्या दशकात तो बिटुमेनमध्ये मिसळला गेला. साधे बिटुमेन उन्हात पघळते आणि थंडीत तडकते. या मिश्रणाने ते उन्हात टिकू लागले. पुन्हा एकदा कारखान्याचा कचरा छपरावर जाऊन बसला.

१६.
भारतातील ठेकेदार ज्याला 'एपीपी मेम्ब्रेन' म्हणतात ते हेच. ते बनवताना बिटुमेन तापवून त्यात पॉलिमर घोटतात. पॉलिएस्टरची न विणलेली चटई या गरम मिश्रणातून ओढली जाते आणि रुळांच्या मधून जाताना तिची जाडी ठरते, सामान्यतः ३ ते ४ मिलिमीटर. वर खनिजाचे दाणे किंवा फिल्म, खाली पातळ पॉलिथिन. मग थंड करून १ मीटर रुंद आणि १० मीटर लांब गुंडाळ्या बांधतात. गच्चीवर अंथरताना खालची फिल्म गॅसच्या ज्योतीने वितळवली की थर चिकटतो. बाबिलोनच्या वेताच्या चटईची जागा पॉलिएस्टरने घेतली; कृती तीच राहिली.

१७.
आजची ताडपत्री याहून हलकी असते. उच्च घनतेच्या पॉलिथिनचे दाणे वितळवून प्रथम फिल्म काढतात. ती पात्यांनी चिरून अरुंद पट्ट्या करतात आणि त्या गरम करून मूळ लांबीच्या कित्येक पट ताणतात. ताणामुळे रेणूंच्या साखळ्या एकाच दिशेत लागतात आणि पट्टी कमालीची मजबूत होते. या पट्ट्या सर्क्युलर लूम नावाच्या गोल मागावर विणून नळीसारखे कापड निघते. ते चिरून सपाट करतात. एवढे झाले तरी ते कापडच. पाणी त्याच्या विणीतून खुशाल गळते. त्याला ताडपत्रीपण मिळते ते पुढच्या टप्प्यावर.

१८.
त्या टप्प्याला कारखान्यात कोटिंग किंवा लॅमिनेशन म्हणतात. लांब, अरुंद फट असलेल्या साच्यातून ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले कमी घनतेचे पॉलिथिन पातळ पडद्यासारखे खाली उतरते. त्याच क्षणी खालून विणलेले कापड येते. थंड पोलादी रूळ आणि रबरी रूळ यांच्या मध्ये दोन्ही दाबले जातात. तापमान कमी पडले तर लेप पापुद्र्यासारखा सुटतो. पडदा असमान पडला तर सुईच्या टोकाएवढी छिद्रे राहतात. उन्हातील अतिनील किरण पॉलिमरच्या साखळ्या तोडतात, म्हणून दाण्यांतच स्थिरक मिसळतात. तो न मिसळलेली ताडपत्री एकदोन उन्हाळ्यांतच भुगा होऊ लागते.

१९.
हे साहित्य प्रयोगशाळेत अखंड असते. इमारतीवर चढताच त्याला खिडकीसाठी कापावे लागते, खिळे ठोकावे लागतात, कडेला जोड द्यावा लागतो. पाणी नेमके तिथून शिरते. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचे जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये एका छोट्या पत्रिकेत हे स्पष्ट मांडले होते. पाणी आत यायला तीन गोष्टी लागतात : पाणी, छिद्र आणि पाण्याला ढकलणारे बल. छिद्रे पूर्णपणे बुजवणे अशक्यप्राय असते. म्हणून बाहेरच्या आवरणामागे हवेची पोकळी ठेवावी, तिच्यातला आणि बाहेरचा दाब समान होऊ द्यावा, आणि आत आलेल्या थेंबाला खाली उतरून बाहेर पडू द्यावे. याला 'रेनस्क्रीन' म्हटले जाते.

२०.
ही पत्रिका ज्या देशात निघाली त्याच देशात वीस-पंचवीस वर्षांनी व्हँकूवरचा प्रसंग घडला. १९८६ च्या जागतिक प्रदर्शनानंतर शहरात बांधकामाला उधाण आले. चार मजल्यांपर्यंतच्या लाकडी सांगाड्याच्या इमारती भराभर उभ्या राहिल्या. शैली कोरड्या, उन्हाळी कॅलिफोर्नियातून उचललेली होती : सपाट माथा, गुळगुळीत गिलावा, उघडे सज्जे आणि वळचणीचा अभाव. व्हँकूवरचा पाऊस मुंबईच्या साधारण निम्मा; पण तो थंडीत, वाऱ्यासह, महिनोन्महिने रिपरिपतो आणि वाळायला उसंत देत नाही. बांधता येणारे क्षेत्रफळ मोजण्याचे पालिकांचे नियमही जाड भिंती आणि वळचणी यांना प्रतिकूल होते. चटईक्षेत्राच्या हिशेबात वळचण कशी बळी जाते, हे मुंबईकरांना वेगळे सांगायला नको.

२१.
आता भिंतीचा छेद पाहू. बाहेर गिलावा, त्याला टेकून डांबरी कागद किंवा तत्सम आवरण, मग लाकडी फळी, लाकडी खांबांमध्ये काचतंतू, त्याच्या आत पॉलिथिनची शीट आणि शेवटी जिप्समचा तक्ता. पाणी खिडकीच्या कोपऱ्यातून, सज्जाच्या सांध्यातून, कठड्याच्या माथ्यावरून आत शिरले. बाहेर पडायला पोकळी नव्हती. आत वाळावे तर पॉलिथिन आडवे. वाफ रोखण्यासाठी लावलेल्या पडद्याने पाऊस कोंडून ठेवला. दोन पडद्यांच्या मध्ये लाकूड भिजत राहिले आणि बुरशीने आपले काम केले. १९९६ च्या एका पाहणीत बहुतेक पाणी बाहेरच्या पावसाचेच असल्याचे, आणि वळचण जितकी रुंद तितका त्रास कमी असल्याचे दिसून आले.

२२.
या घरांत राहणारे बहुतेक लोक सामान्य उत्पन्नाचे होते : पहिले घर घेणारी जोडपी, निवृत्तीची पुंजी गुंतवलेले वृद्ध. भिंती उकलून पुन्हा बांधण्याचा खर्च त्यांच्यावर पडला. अनेक बांधकाम व्यावसायिकांनी प्रत्येक प्रकल्पासाठी स्वतंत्र कंपनी काढून काम संपताच ती गुंडाळली होती. दावा लावायचा कोणावर? १९९९ मध्ये नव्या घरांना हमी देणारी तेथील योजनाही कोसळली. एकूण नुकसान सुमारे ४ अब्ज कॅनेडियन डॉलर असल्याचा अंदाज सांगितला जातो. कर्ज फेडायचे बाकी असलेले घर विकताही येत नाही आणि त्यात राहताही येत नाही, अशी कोंडी हजारो कुटुंबांची झाली.

२३.
बॅरेट आयोगाने जून १९९८ मध्ये अहवाल दिला. त्याने दोष एखाद्या साहित्यावर ढकलला नाही. रचनाकार, बांधकाम व्यावसायिक, पालिका, नियम करणारे आणि तपासणी करणारे या साऱ्या साखळीत कोणीही पूर्ण भिंतीची जबाबदारी घेतली नव्हती, हा त्याचा गाभा. त्यानंतर घरमालक संरक्षणाचा कायदा झाला. नव्या घरांना त्रयस्थ विमा बंधनकारक झाला : काम व साहित्यासाठी २ वर्षे, इमारतीच्या बाह्य आवरणासाठी ५ वर्षे, सांगाड्यासाठी १० वर्षे. दुरुस्तीसाठी बिनव्याजी कर्जाची सोय झाली. आणि गिलाव्यामागे सुमारे १ सेंटिमीटर किंवा अधिक पोकळी ठेवण्याची रीत रुजली. गार्डन यांची पत्रिका पस्तीस वर्षांनी भिंतीत उतरली.

२४.
साहित्यही बदलत होते. १९५५ मध्ये ड्युपॉन्ट कंपनीतील संशोधक जिम व्हाइट यांना प्रयोगशाळेतील एका नळीतून पॉलिथिनचा पांढरा कापूस बाहेर पडताना दिसला. त्यातून अतिसूक्ष्म तंतूंची दाबून केलेली शीट घडली. १९६५ मध्ये तिला टायव्हेक हे नाव नोंदले गेले आणि १९६७ पासून ती बाजारात आली. तिच्यातून पाण्याचा थेंब जात नाही, पण वाफ जाते. पुढे घरांच्या भिंतींना बाहेरून गुंडाळण्यासाठी ती वापरली जाऊ लागली. रसायन तेच पॉलिथिन. रचना बदलताच अडवणारा पदार्थ वाळू देणारा झाला. तरीही खिडकीचा जोड चुकला तर अशी शीटही घर वाचवू शकत नाही.

२५.
महाराष्ट्रासाठी यातून निघणारा प्रश्न हवेच्या दिशेचा आहे. मिनेसोटात वाफ आतून बाहेर जाते. मुंबईच्या पावसाळ्यात वातानुकूलित खोलीची भिंत आतून थंड आणि बाहेरची हवा दमट. ओघ उलटा, बाहेरून आत. तिथे आतल्या बाजूला प्लास्टिकचा थर दिला तर ओल त्याच्या मागे साचते. अमेरिकेच्या दमट आग्नेय भागातील वातानुकूलित हॉटेलांत विनाइल वॉलपेपरच्या मागे बुरशी धरण्याचे हेच कारण ठरले. थंड प्रदेशात लिहिलेला नियम उष्ण प्रदेशात जसाच्या तसा लावला की बिघाड होतो. मुंबईच्या गवंड्यांचा विटांच्या तुकड्यांचा कोबा जड असतो, त्यालाही तडे जातात. पण त्याचा मूळ गुण उताराचा आहे. तो पाणी साचू देत नाही.

२६.
या कथेत प्लास्टिकची शीट खलनायक नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग या भागांत कौले फुटली, पत्रे उडाले आणि पावसाळा दारात उभा होता. त्या दिवसांत ज्याच्या डोक्यावर छप्पर नव्हते त्याच्यासाठी लेप दिलेली ताडपत्री ही चैन नव्हती. तीच छप्पर होती. मे महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या झोपड्यांवर आणि जुन्या चाळींवर पसरणारा निळा रंगही त्याच गरजेचा आहे. आणि त्या ताडपत्रीखालून दोन्ही बाजूंनी वारा खेळतो, म्हणून तिच्याखालचे वासे सहसा कोंडून कुजत नाहीत.

२७.
व्हँकूवरमध्ये आज नव्या इमारतींना पुन्हा वळचणी दिसतात आणि गिलाव्यामागे पोकळी असते. पॉलिथिनही अनेक भिंतींत आहेच. बदलला तो त्याच्याविषयीचा भरवसा. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा गवंडी लेप दोन भिंतींच्या आत जपत होता. कोकणातला घरमालक दरवर्षी शाकारणी करताना छप्पर गळणारच हे गृहीत धरत होता. एखादी नवी इमारत पाहताना तिच्यावर कोणता लेप दिला आहे एवढेच विचारून भागत नाही. आत शिरलेले पाणी बाहेर कुठून पडणार आणि भिंत वाळणार कोणत्या बाजूने, हेही विचारावे लागते. व्हँकूवरमधील हजारो कुटुंबांनी घर घेतले तेव्हा हा प्रश्न त्यांच्या वतीने कोणीही विचारला नव्हता.